एकही शब्द उरता कामा नये: पाश्चात्य अभिजात संगीतातली गूढ कोडी मिळून सोडवताना

शिकारी बायबलमध्ये शिरला आणि नववा झाला. कोण?

पाश्चात्य अभिजात संगीताची कोडी ऑनलाइन सोडवणाऱ्या गटात मी सामील झाले तेव्हा पहिलं कोडं हे समोर आलं. मी लगेच शिकारीशी नातं असलेल्या रचनांची यादी करायला घेतली. हायडनची ७३वी सिंफनी, मोझार्टचं 'हंट' नावाने ओळखलं जाणारं क्वार्टेट (चार वाद्यांची रचना), आणि मग 'नववा' आहे म्हणून बेथोव्हनची नववी सिंफनी. दोन तास गेले, हाती काही लागलं नाही. तेवढ्यात गटातल्या एकाने फक्त विचारलं, "शिकारी जर्मन असेल तर?"

जर्मनमध्ये शिकाऱ्याला 'येगर' म्हणतात. ऑगस्ट येगर हा इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गारचा जिवलग मित्र, लंडनच्या एका संगीत प्रकाशनसंस्थेत काम करणारा. बायबलमधला नामांकित शिकारी म्हणजे निम्रोद. आणि एल्गारच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'मधलं (ऑपस म्हणजे रचनाक्रमांक ३६, १८९९) नववं व्हेरिएशन, म्हणजे मूळ सुरावटीचं नववं रूप, हेच 'निम्रोद'. श्लेष मुळात एल्गारचाच होता, कोडं रचणाऱ्याने तो आपल्यापुढे ठेवला इतकंच.

त्या दिवशी जे समजलं त्यावर हा सगळा लेख उभा आहे. चांगल्या कोड्यात प्रत्येक शब्द राबत असतो. उत्तर सापडल्यासारखं वाटलं पण कोड्यातला एक शब्द हातात उरला, तर ते उत्तर चुकीचं आहे असं समजून पुढे चला. ज्याला दोन हजार रचना पाठ आहेत त्याच्यापेक्षा ज्याला उरलेला शब्द खटकतो तो आधी पोचतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मला त्याबद्दल शंका नाही.

आधी वाक्य फोडा

कोडं आलं की पहिली दहा मिनिटं काहीही शोधू नका. कागदावर कोडं लिहा, दोन शब्दांमध्ये भरपूर जागा सोडा आणि प्रत्येक शब्दाखाली त्याचे सुचतील तेवढे अर्थ लिहा. 'की' म्हणजे किल्ली, पियानोची पट्टी आणि रचनेची पट्टीही. 'पट्टी' या मराठी शब्दालाही यातले शेवटचे दोन अर्थ आहेत, त्यामुळे मराठीत कोडं रचणाऱ्यांचा तो लाडका शब्द. 'चाल', 'ओळ', 'घर', 'पाय', 'तार' हे शब्द दिसले की सावध व्हायचं.

मग ठरवायचं, की या वाक्यातला कोणता भाग उत्तराचं वर्णन करतोय आणि कोणता भाग उत्तराकडे जाणारी वाट दाखवतोय. निम्रोदच्या कोड्यात 'शिकारी' आणि 'बायबल' ही वाट होती, 'नववा' हे वर्णन. मी 'नववा' धरून बसले, म्हणून अडकले. संख्या दिसली की आपण तिला आधी चिकटतो, कारण ती ठोस वाटते. माझा सल्ला उलटा आहे: संख्या शेवटी पडताळणीसाठी राखून ठेवा.

नावांचं भाषांतर ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी युक्ती. वागनर म्हणजे गाड्या बनवणारा, स्ट्राउस म्हणजे शहामृग किंवा पुष्पगुच्छ, बाख म्हणजे ओढा, मोंतेवेर्दी म्हणजे हिरवा डोंगर, ह्यूगो वोल्फ म्हणजे लांडगा. इंग्रजी नावं तर उघडीच असतात, जॉन केज पिंजरा आणि फिलिप ग्लास काच. आमच्याकडे एकदा फक्त चार शब्दांचं कोडं आलं होतं: "पिंजऱ्यातलं शून्य, निरपेक्ष थंड." केजची '४ मिनिटं ३३ सेकंद' ही रचना १९५२ साली पहिल्यांदा सादर झाली. वादक पियानोसमोर बसतो आणि ठरलेल्या वेळेत एकही सूर वाजवत नाही. म्हणून शून्य. पण 'निरपेक्ष थंड' का? चार मिनिटं तेहतीस सेकंद म्हणजे २७३ सेकंद, आणि निरपेक्ष शून्य तापमान उणे २७३ अंश सेल्सिअसच्या जवळ. 'पिंजरा' आणि 'शून्य' एवढ्यावर उत्तर ओळखणारे तिघे होते. 'थंड'चा हिशोब लागल्याशिवाय उत्तर पाठवायचं नाही म्हणून थांबणारी एकच होती, आणि त्या दिवशी तीच खरी जिंकली.

अक्षरांचे सूर

या कोड्यांचा सगळ्यांत समृद्ध भाग हा. इथे थोडा वेळ देऊन तयारी केली तर पुढे वर्षानुवर्षं उपयोग होतो.

पाश्चात्य स्वरांना अक्षरांची नावं आहेत, ए पासून जी पर्यंत. म्हणजे सात अक्षरांत बसणारा कोणताही शब्द वाजवता येतो. पण जर्मन पद्धत यापेक्षा श्रीमंत आहे. तिथे 'बी' म्हणजे आपल्या भाषेत कोमल बी, आणि शुद्ध बीला 'एच' म्हणतात. कोमल ई ला 'एस' म्हणतात, म्हणून तो इंग्रजी एस या अक्षराच्या जागीही चालतो. कोमल ए म्हणजे 'आस'. हे चार फरक पाठ करा. गूढ कोड्यांतल्या स्वराक्षरांची बहुतेक कुलुपं याच किल्ल्यांनी उघडतात.

बाखचं नाव घ्या. बी, ए, सी, एच, म्हणजे कोमल बी, ए, सी, शुद्ध बी. हे चार सूर बाखने 'आर्ट ऑफ फ्यूग'च्या अपुऱ्या राहिलेल्या फ्यूगमध्ये (फ्यूग म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलत जातात अशी रचना) स्वतः गुंफले, आणि पुढे शूमान, लिस्त अशा कितीतरी जणांनी त्याच चार सुरांवर रचना केल्या. शोस्ताकोविचने आपल्या नावाच्या जर्मन लेखनातून डी, एस, सी, एच घेतलं: डी, कोमल ई, सी, शुद्ध बी. त्याच्या १९५३च्या दहाव्या सिंफनीत आणि १९६०च्या आठव्या क्वार्टेटमध्ये हे सूर पुन्हापुन्हा येतात. शूमानची तर पहिली छापलेली रचनाच 'आबेग' या आडनावाच्या पाच अक्षरांवर आहे. त्याच्या 'कार्नावाल'मध्ये (ऑपस ९) 'आश' (ए, एस, सी, एच) हे गाव सुरांत लपलंय. ते गाव त्याच्या तेव्हाच्या वाग्दत्त वधूचं, आणि गंमत म्हणजे त्या गावाची चारही अक्षरं शूमानच्या स्वतःच्या नावातही आहेत.

इथे एक चाचणी सांगते. कोड्यात सुरांची नावं दिली असतील तर ती तीनदा वाचा. एकदा इंग्रजी पद्धतीने, एकदा जर्मन पद्धतीने आणि एकदा दो रे मी करून. कोडं रचणारा कोणती पद्धत वापरतोय याचा इशारा बहुतेकदा वाक्यातच असतो, एखाद्या शहराच्या किंवा खाण्याच्या जर्मन नावातून, एखाद्या फ्रेंच शब्दातून.

फ्रेंचांनी वेगळाच तक्ता केला. १९०९ साली हायडनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा रॅव्हेल, देब्युसी, द्युका, दँदी, विदोर आणि रेनाल्दो हान अशा सहा जणांनी त्याच्या नावावर छोट्या रचना केल्या. हा तक्ता तुम्ही स्वतः कागदावर काढा. सात रकाने करा. पहिल्या ओळीत ए ते जी, दुसऱ्या ओळीत एच ते एन, तिसऱ्यात ओ ते यू, चौथ्यात उरलेली अक्षरं. कोणतंही अक्षर ज्या रकान्यात पडतं त्या रकान्याच्या डोक्यावरचा सूर त्याचा. वाय चौथ्या रकान्यात येतं, म्हणून डी. एन सातव्यात, म्हणून जी. फक्त एचला त्यांनी जर्मन पद्धतीचा शुद्ध बीच ठेवला. झालं हायडन: बी, ए, डी, डी, जी. आता हे कोडं पाहा: "बी, ए, डी, डी, जी. शंभर वर्षांनी सहा जणांनी हाक मारली." इंग्रजी डोळ्यांनी वाचणाऱ्याला सुरुवातीला 'वाईट' या अर्थाचा शब्द दिसतो आणि तो तिथेच रुततो. 'शंभर' आणि 'सहा' या दोन शब्दांना कामाला लावल्याशिवाय सुटका नाही.

या सगळ्यांपेक्षा जुनी आणि मला सगळ्यांत प्रिय युक्ती योस्कँ दे प्रे याची. फेर्राराचा ड्यूक एर्कोले याच्यासाठी त्याने एक मास, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचं संगीत, रचला. त्यातली मुख्य सुरावट ड्यूकच्या लॅटिन नावातून काढली आहे. 'हर्क्युलेस दुक्स फेर्रारिए' यातले स्वर वेगळे काढायचे, ए उ ए उ ए आ इ ए, आणि तेच स्वर असलेली सुरांची नावं लावायची: रे उत रे उत रे फा मी रे ('उत' म्हणजे आजचा दो). मराठीत हे समजावून सांगायला एक शब्दही जास्त लागत नाही. आपल्याकडे अक्षरातल्या स्वरालाही स्वर म्हणतात आणि गाण्यातल्या सुरालाही स्वरच. "नावातले स्वर स्वरांत ओवा" हे वाक्य आपल्या भाषेत आपोआप कोडं होतं. मराठीत कोडी रचणाऱ्यांनी हा खजिना वापरायलाच हवा.

अक्षरांची बेरीज हीसुद्धा याच घराण्यातली. ए एक, बी दोन असं मोजलं तर बाख म्हणजे २ अधिक १ अधिक ३ अधिक ८, एकूण १४. जुन्या लॅटिन वर्णमालेत आय आणि जे एकच अक्षर धरतात. त्या हिशोबाने 'जे. एस. बाख' म्हणजे ४१, बरोबर १४ उलटा. कोड्यात १४ आणि ४१ एकत्र दिसले की दुसरीकडे बघायचीही गरज नसते. बाखने खरंच जागोजागी १४ मोजून लिहिलं का यावर लोक खूप उत्साहाने बोलतात. मी त्यातल्या बहुतेक दाव्यांपासून लांब राहते, कारण मोजायला बसलं की १४ कुठेही सापडतो. आल्बान बर्गची गोष्ट मात्र पक्की आहे. त्याच्या 'लिरिक स्वीट'मध्ये ए, बी, एच, एफ हे सूर म्हणजे स्वतःची आणि हाना फुक्स या त्याच्या प्रेयसीची आद्याक्षरं. २३ हा आकडा त्याचा आणि १० तिचा. बर्गने स्वतःच्या हाताने टिपा लिहिलेली प्रत १९७७ साली जॉर्ज पर्ल या संगीतकार-अभ्यासकाला मिळाली आणि ते गुपित उघडलं. म्हणजे पन्नास वर्षं एक प्रेमपत्र सगळ्यांच्या कानांसमोर वाजत होतं.

आकड्यांचे सापळे

आता आमच्या गटाने खाल्लेली सगळ्यात मोठी ठेच. कोडं होतं: "चार पायांनी सुचवलं, दोन हातांनी लिहिलं. के ३०."

'के' दिसलं की मोझार्ट, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं. क्योखेलने १८६२ साली मोझार्टच्या रचनांची सूची छापली, तिचा हा क्रमांक. सूचीत ३० वर मोझार्टने लहानपणी, १७६६ साली लिहिलेला व्हायोलिन सोनाटा आहे. आम्ही खूश. चार पाय म्हणजे व्हायोलिनच्या चार तारा, दोन हात म्हणजे पियानोवाले. अख्खी संध्याकाळ आम्ही ते उत्तर नटवत बसलो. शेवटी एकीने विचारलं, "'सुचवलं' या शब्दाचं काय? तारा सुचवतात का?" तेव्हा सगळे गप्प झाले. दोमेनिको स्कार्लातीच्या ५५५ सोनाट्यांनाही कर्कपॅट्रिकच्या सूचीमुळे 'के' लागतो. त्याचा के ३० म्हणजे 'मांजराचा फ्यूग'. मांजर हार्पसिकॉर्डवर चाललं आणि त्यातून त्याला ती विचित्र सुरावट मिळाली अशी दंतकथा आहे. नाव नंतरच्या लोकांनी दिलं.

म्हणून सूचीची अक्षरं नीट ओळखीची करून घ्या. बाखला बीडब्ल्यूव्ही, शूबर्टला डॉइचचा डी, हायडनला होबोकेन, विवाल्दीला आरव्ही, हँडलला एचडब्ल्यूव्ही, बेथोव्हनच्या ऑपस क्रमांक नसलेल्या रचनांना डब्ल्यूओओ. कोड्यात नुसताच आकडा असेल तर या सगळ्या दारांवर टकटक करायची. ६२६ म्हणजे मोझार्टचा अपुरा रेक्विएम, ९८८ म्हणजे बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, ७५९ म्हणजे शूबर्टची अपुरी सिंफनी. असे वीसेक आकडे काही महिन्यांत आपोआप पाठ होतात, मुद्दाम घोकू नका.

क्रमांक बदललेल्या रचना तर कोडी रचणाऱ्यांची आवडती जागा. द्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' आज नववी आहे, पण ती छापली गेली पाचवी म्हणून. शोपँचा दुसरा पियानो कंचेर्टो पहिल्याच्या आधी लिहिला गेला, बेथोव्हनचंही तसंच, कारण क्रमांक छपाईच्या क्रमाने पडले. आणि मोझार्टची ३७वी सिंफनी? हे कोडं मी स्वतः रचलेलं: "धाकट्या भावाच्या घराला पाहुण्याने फक्त उंबरठा घातला. पाटी मात्र पाहुण्याच्या नावाची, तीवर सदतीस." ती सिंफनी मिखाएल हायडनची, योसेफ हायडनच्या धाकट्या भावाची. मोझार्टने तिला सुरुवातीचा संथ भाग लिहिला, आणि त्यामुळे कित्येक वर्षं ती त्याच्या नावावर राहिली. आजही मोझार्टच्या सिंफन्या मोजताना ३६ नंतर ३८ येते.

तारखा

तारखांची कोडी मला थोडी कोरडी वाटतात, पण काही सुंदर असतात. रोसिनी १७९२ साली २९ फेब्रुवारीला जन्मला. त्याच्यावरच्या कोड्यात "दोन वाढदिवसांत आठ वर्षं" असं असेल तर गडबडू नका. १७९६ नंतर १८०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणून पुढचा खरा वाढदिवस १८०४ला आला. दुसरं एक: "दोघांचा वाढदिवस एकच, पण एकाच्या घरच्या भिंतीवर त्या दिवशी एप्रिल होता." ब्राम्सचा जन्म ७ मे १८३३चा आणि चायकोव्हस्कीचा ७ मे १८४०चा. पण रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, तिथे तो दिवस २५ एप्रिल. रशियन संगीतकाराची तारीख जुळत नसेल तर एकोणिसाव्या शतकासाठी बारा दिवस आणि विसाव्यासाठी तेरा दिवस सरकवून बघा. याशिवाय एकाच वर्षी जन्मलेल्या जोड्या लक्षात ठेवल्या की पुरे: १६८५ (बाख, हँडल, दोमेनिको स्कार्लाती), १८१० (शोपँ, शूमान), १८१३ (वर्दी, वागनर).

कानाने सोडवायची कोडी

कधी कोड्यात पाच सेकंदांचा तुकडा येतो, कधी तो उलटा वाजवलेला असतो, कधी स्कोअरमधली, म्हणजे लिहिलेल्या स्वरलिपीतली, दोन मापं कापून दिलेली असतात. तुकडा ऐकताना सुरावट ओळखायच्या मागे लागू नका. आधी वाद्यं ओळखा. हार्पसिकॉर्ड आहे की पियानो? नाजूक घंटांसारखा आवाज म्हणजे चेलेस्टा असेल, तर रचना १८८६च्या आधीची असणं कठीण, कारण त्या वाद्याचं पेटंटच त्या वर्षीचं. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनच नाहीत असं जाणवलं तर बाखचा सहावा ब्रांडेनबुर्ग कंचेर्टो आठवा. पाच मात्रांची चाल असेल तर चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा दुसरा भाग किंवा होल्स्टचा 'मार्स'.

सुरावट डोक्यात आहे पण नाव आठवत नाही, अशा वेळी डेनिस पार्सन्सने १९७५ साली मांडलेली पद्धत वापरा. सुरांची नावं माहीत नसली तरी चालतं. पहिल्या सुरासाठी ताऱ्याची खूण (*), ती मी इथे 'तारा' अशी लिहिते. पुढचा सूर वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढंच लिहायचं. आम्ही मराठीत व, ख आणि त लिहितो. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात मग अशी होते: तारा, त त ख, व त त ख. नवव्या सिंफनीतलं आनंदगीत: तारा, त व व त ख ख ख ख त व व त ख त. चार-पाच खुणांवर शेकडो रचना बसतात, निदान दहा-बारा खुणा तरी हव्यात. संदेशात टाइप करायला ही खूण इतकी सोपी आहे की दूरदूरच्या माणसांना एकमेकांना गुणगुणून दाखवायची हीच उत्तम सोय.

उसन्या सुरावटी ओळखायलाही शिका. 'दिएस इरे' या मध्ययुगीन स्तोत्राचे पहिले चार सूर, फा मी फा रे, बर्लिओझच्या 'सिंफनी फँटास्टिक'मध्ये आहेत, लिस्तच्या 'टोटेनटान्झ'मध्ये आहेत, रॅकमनिनॉफच्या पागानिनी ऱ्हॅप्सडीत आहेत. सँ-साँसने 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स'मध्ये ऑफेनबाखचं धावतं कॅन-कॅन कासवांना देऊन टाकलं, इतकं संथ की पटकन ओळखू येत नाही. म्हणून तुकडा दुप्पट वेगाने आणि निम्म्या वेगाने ऐकून पाहणं हे आमच्याकडे सक्तीचं आहे.

गटात कसं वागायचं

एकट्याने सोडवलेलं कोडं आणि पाच जणांनी मिळून सोडवलेलं कोडं यांत फार फरक पडतो, पण तो पाच जण नीट वागले तर.

पहिली गोष्ट, उत्तर सांगू नका, वाट सांगा. "मला वाटतं निम्रोद" यापेक्षा "मी 'शिकारी' जर्मनमध्ये वाचतेय" हे कितीतरी उपयोगी. पहिल्याने बाकीच्यांचं काम संपतं, दुसऱ्याने त्यांना पुढे जायला जागा मिळते. वाट चुकीची असेल तरी हरकत नाही, ती नोंदली जाते. आम्ही एक सामायिक तक्ता ठेवतो. कोड्यातला एकेक शब्द एका ओळीत, त्यापुढे लावलेला अर्थ, कोणी लावला, आणि खात्री किती. खाली बाद झालेली उत्तरं, आणि प्रत्येकापुढे ते बाद का झालं ते एका वाक्यात. हा खालचा भाग कधीही पुसू नका. के ३०च्या वेळी 'स्कार्लाती' हे नाव पहिल्या तासातच कुणीतरी घेतलं होतं आणि कारण न लिहिता सोडून दिलं होतं. कारण लिहायला बसलो असतो तर कारण नाही हे तेव्हाच दिसलं असतं.

लोक वेगवेगळ्या वेळी जागे असतात. म्हणून पहिले चोवीस तास उत्तर उघड लिहायचं नाही असा नियम ठेवा. सुटलं असेल तर ते कळवायची सभ्य रीत म्हणजे उत्तर माहीत असल्याशिवाय समजणार नाही असं एखादं वाक्य टाकणं. केजच्या कोड्याला एकाने लिहिलं होतं, "प्रेक्षकांचं खोकणं फार सुंदर झालं." ज्यांना सुटलं होतं ते हसले, बाकीच्यांना काही कळलं नाही, आणि कोडं शाबूत राहिलं. संदेशात मजकूर झाकायची सोय असेल तर ती वापरा, पण झाकलेल्या मजकुराची लांबीसुद्धा फितूर होते, हे विसरू नका. पाच अक्षरी पट्टी दिसली की माणसं मोजतातच.

अडकलेल्याला इशारा द्यायचा तर तीन पायऱ्यांत द्या. आधी कोड्याची जात: अक्षरांचं आहे, आकड्याचं, की कानाचं. मग वाक्यातला कोणता शब्द वर्णनाचा आहे ते. आणि अगदी शेवटी शतक किंवा देश. संगीतकाराचं नाव इशारा म्हणून कधीच देऊ नका.

इंटरनेटवर शोधायचं की नाही यावर वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: पडताळायला शोधा, सापडवायला नको. कोडं जसंच्या तसं शोधयंत्रात टाकणं म्हणजे सोबतच्यांची संध्याकाळ हिरावून घेणं. पण अंदाज बांधून झाला की स्कोअर उघडून बघणं हे कर्तव्यच. जुन्या, हक्क संपलेल्या रचनांचे स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पुस्तकातला, आठवणीतला किंवा एखाद्या यंत्राने ठामपणे सांगितलेला ऑपस क्रमांक स्कोअरच्या मुखपृष्ठावर पाहिल्याशिवाय तक्त्यात भरू नका.

मग शेवटची तपासणी. कोडं मोठ्याने वाचा आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवून गटातल्या कुणालातरी विचारा, "हा कशासाठी?" सगळ्या शब्दांची उत्तरं मिळाली की रचना लावून सगळ्यांनी ऐका, निदान तो भाग तरी. हे मी आग्रहाने सांगते. 'निम्रोद' सुटल्यावर आम्ही ते ऐकलं तेव्हा कळलं, की एल्गारने मित्राचं नाव लपवलं ते कोड्याच्या हौसेपोटी, पण सूर मात्र अजिबात लपवले नाहीत.

स्वतः कोडं रचताना

दहा-बारा कोडी सुटली की स्वतः एक रचून बघा, सोडवण्याची समज त्याने दुप्पट होते. सुरुवात उत्तरापासून करा, आणि त्या उत्तरातली अशी एक खरी गोष्ट शोधा जी आधीच थोडी कोड्यासारखी आहे. ती मिळायला फार शोधावं लागत नाही, कारण संगीतकार स्वतःच मोठे कोडेबाज. बाखने १७४७ साली प्रशियाच्या राजाला 'म्युझिकल ऑफरिंग' भेट दिलं. त्यातल्या 'रिचेरकार' (जुन्या घडणीचा फ्यूग) या शब्दाच्या आठ रोमन अक्षरांनी ओळीने एकेक शब्द सुरू होईल असं लॅटिन वाक्य त्याने लिहिलं: राजाच्या आज्ञेने रचलेलं गीत, आणि बाकीचं कॅननच्या (एकच सुरावट मागोमाग स्वतःवरच रचण्याच्या) कलेने सोडवलेलं. त्यातला एक कॅनन पुढून आणि मागून एकाच वेळी वाजतो. काही कॅनन तर त्याने अर्धेच लिहिले आणि वर लिहून ठेवलं, शोधा म्हणजे सापडेल.

एल्गारने तर १८९७ साली डोरा पेनी या तरुण मैत्रिणीला ८७ चिन्हांचं एक पत्र पाठवलं. आजतागायत ते सगळ्यांना पटेल असं कुणालाही वाचता आलेलं नाही. तसं कोडं रचू नका. न सुटणारं कोडं रचायला अक्कल लागत नाही, सुटल्यावर "अरे, हे तर समोरच होतं" असं वाटायला लावणाऱ्याला लागते. रचून झालं की एक शब्द काढून पाहा. तरी कोडं चालत असेल तर तो शब्द काढूनच टाका.

हे घ्या, आमच्या गटातलं कालचं. उत्तर मी इथे देणार नाही, पण वाट लेखात आहे.

विणकराने शिकाऱ्याला सात गोळ्या दिल्या. सहा त्याच्या. सातवी कोणाची?